बाई, बागेत काहीच नव्हतं!

आषाढ लागलाय. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या पत्र्यावर रात्रभर ताशा वाजतोय, आणि पोस्टमननं आणून टाकलेल्या पत्रांतली दोन तर इतकी भिजलेली होती की कोमट तव्यावर शेकून वाचली. एरवी या सदरात 'जास्वंदीवर पांढरा मावा पडलाय' आणि 'मोगरा का रुसलाय' एवढंच असतं. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आली, आणि त्याला जबाबदार मी. मेच्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले होते: 'सुट्टीत मुलांना एकदा तरी देशी झाडांच्या बागेत फिरवून आणा.' लोक खरंच गेले. आणि परत येऊन चिडून लिहायला बसले.

प्रश्न : तुमचं वाचून बायको, दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन इचलकरंजीहून दोन बस बदलून एका देशी वनस्पतींच्या बागेत गेलो. मे महिन्याचं ऊन. कुंड्यांत कोरडी माती, आणि मातीत खोचलेल्या लॅटिन नावांच्या पाट्या. धाकटा म्हणाला, 'पप्पा, हे झाडांचं स्मशान आहे काय?' बायको अजून बोलत नाही. सासूबाई तेवढ्या एका झाडाखाली बसून 'कुंभा, कुंभा' करत होत्या. बाई, बागेत काहीच नव्हतं. तुम्ही नक्की काय बघायला पाठवलं होतं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : धाकट्याला माझा नमस्कार सांगा. त्याचा अंदाज फार चुकला नाही. सगळे मातीखालीच होते, फक्त जिवंत होते.

चूक माझी. कुठं जायचं ते लिहिलं, कधी जायचं ते लिहायचं राहिलं. ३४ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईनं असं करावं, म्हणजे स्वयंपाकिणीनं मीठ विसरावं तसं झालं.

आपल्या डोक्यात बाग म्हणजे गुलाब, शेवंती, हिरवळ आणि मधोमध कारंजं. संध्याकाळी जायचं, भेळ खायची, फोटो काढायचा. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, वनस्पतींना हे परवडत नाही. कातळावर चार बोटं माती, चार महिने धो धो पाऊस आणि पुढचे आठ महिने तापलेला तवा. तिथं जगायचं तर पावसात सगळं उरकून घ्यावं लागतं. पान, फूल, शेंग, बी, सगळं. मग वरचा पसारा आवरायचा आणि कंदात जाऊन झोपायचं. मे महिन्यात तुम्ही गेलात ते त्यांच्या मध्यरात्री दार वाजवायला.

याबाबतीत मी तुम्हाला फार शिकवू नये, कारण आमच्या घरात याहून मोठा घोटाळा झालेला आहे. एक शेतकरी बांध फोडणार होता, म्हणून त्याच्या बांधावरचा सापकांदा मी उचलून गच्चीवरच्या कुंडीत लावला. दिवाळीला पान पिवळं पडून आडवं झालं. ह्यांना वाटलं, कुंडी रिकामी झाली. त्यांनी त्यात धणे टाकले आणि हिवाळाभर आम्ही त्या कुंडीतली कोथिंबीर आमटीवर घातली. मी बोलले नाही, कारण मीही विसरले होते. मृगाचे दोन पाऊस झाले, आणि एका सकाळी हे चहा घेऊन गच्चीवर गेले ते तसेच खाली आले. कप वरच. म्हणाले, 'काठी आण, कुंडीत नाग आहे.' जाऊन बघते तर वीतभर उंचीचा पांढरा फणा, घशाशी जांभळट छटा, आणि आतून जीभ काढल्यासारखा दांडा. पानाचा पत्ता नाही. सापकांद्याचं असंच असतं, आधी फणा काढतो आणि मग सावकाश पान. त्या दिवसापासून आमच्या गच्चीवरच्या प्रत्येक रिकाम्या कुंडीवर 'रिकामी नाही' अशी चिठ्ठी असते.

आता तुमच्या कोरड्या कुंड्या. त्यांतल्या काहींत कंदीलपुष्पं असणार. गुराखी त्यांना खरपुडी म्हणतात, कुठं हमण म्हणतात, आणि कंद उकरून तिथंच कच्चे खातात. साळिंदर आणि रानडुक्कर यांनाही ते ठाऊक आहेत. यांतल्या बऱ्याच जाती सह्याद्रीच्या बाहेर जगात कुठंही उगवत नाहीत, आणि काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्यात. म्हणून त्या बागेत. आपल्या शिवाजी विद्यापीठातल्या डॉ. एस. आर. यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या एका कुळीमागं वर्षानुवर्षं डोंगर पालथे घातले, तेव्हा कुठं त्या कुंड्यांत माती आणि मातीत कंद आलेत.

मी पहिल्यांदा कंदीलपुष्प नीट पाहिलं ते गुडघे टेकून, भिंगातून. लांबून बघितलं तर गवतात अडकलेला कागदाचा कपटा. जवळून बघा. खाली फुगीर बूड, वर निमुळती नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींच्या शेंड्यांना चिकटलेल्या. त्यामुळं वर पाच खिडक्यांचा कंदील तयार होतो. वासाला भुलून बारीक माशी खिडकीतून आत शिरते, पाय घसरतो आणि नळीतून बुडाशी. नळीत आतून केस असतात, सगळे खाली रोखलेले. उतरताना वाट देतात, चढताना अडवतात. एकाच दिशेनं फिरणारं लोखंडी फाटक आठवतं? तसंच. माशी आत बसून चरफडते, आणि तेवढ्यात परागांच्या इवल्या गाठोड्या तिच्या तोंडाला अडकतात. एखाद-दोन दिवसांनी केस कोमेजतात, माशी सुटते, आणि शहाणी होण्याऐवजी दुसऱ्या कंदिलात शिरते. तिच्या या वेडेपणावर त्या वनस्पतीचा वंश चालतो. पुढं दोन शिंगांसारख्या बारीक शेंगा येतात, त्या तडकल्या की रुईसारख्या म्हाताऱ्या उडतात.

हे सगळं बघायचं तर श्रावण उतरताना जा. गणपती उठेपर्यंत वेळ आहे. आणि मान वर करून फिरू नका, जे काय आहे ते गुडघ्याच्या खाली आहे.

राहता राहिल्या सासूबाई. तुमच्या पाच जणांत बाग एकटीनं पाहिली, ती त्यांनी. कुंभ्याला उन्हाळ्याच्या सुरुवातीला रात्री मोठाली फुलं उमलतात, पांढऱ्या पाकळ्या आणि गुलाबी केसरांचे झुबके. सकाळी झाडाखाली सडा. मे महिन्यात त्याला हिरवी गोल फळं असतात, डोक्यावर मुकुट घातलेली, बघितली की कुंभ हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. त्याच्या सालीच्या धाग्याची जामगी, म्हणजे पेटती वात, वळून तोड्याच्या बंदुकांना लावत. सासूबाईंना विचारा, त्यांच्या माहेरी कुंभ्याचं काय काय करत. उत्तर आलं तर मला कळवा, आणि तेवढ्या निमित्तानं बायकोशी बोलणंही सुरू होईल.

प्रश्न : बंगल्यासमोर अशोकाची सहा उंच झाडं आहेत. घरी औषधासाठी अशोकाची साल सांगितली आहे. आमच्याच झाडांची काढली तर चालेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : चालणार नाही. भाल्यासारखी सरळ वाढलेली, लोंबत्या नागमोडी पानांची ती झाडं अशोकाची नाहीतच. तो आसुपालव. सीताफळाच्या कुळातला. खरा अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, चिंचेच्या कुळातला. बुटका, पसरट, गर्द सावलीचा. कोवळी पालवी तांबूस, मलूल, लोंबती असते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फांद्यांवर केशरी फुलांचे गेंद येतात, ते पुढं लाल होतात. एकदा बघितला की पुन्हा आयुष्यात गल्लत होत नाही. देशी झाडांच्या बागेत जाऊन आधी त्याची ओळख करून घ्या. औषधाचं मात्र ज्यांनी सांगितलं त्यांनाच विचारा. मी पानाफुलांची बाई, नाडी बघत नाही.

प्रश्न : हे देशी-परदेशी काय नवीन खूळ काढलंय? आमच्या गल्लीत गुलमोहर आहे, मे महिन्यात पेटल्यासारखा दिसतो. तो सुंदर नाही? झाड ते झाड. झाडांतही आता जातपात आणायची का?
— एक संतापलेला वाचक, राजारामपुरी

उत्तर : दादा, गुलमोहर सुंदरच आहे. मादागास्करहून आला आणि आपला झाला. आमच्या शाळेच्या दारात एक होता. त्याच्या कळ्या फोडून केसरांच्या 'कोंबड्या' लढवण्यात मुलांचा मधल्या सुट्टीतला अर्धा वेळ जायचा. तो तोडा असं मी सात जन्मांत म्हणणार नाही. आणि परदेशी म्हणून हाकलायचं ठरवलं तर पहिली जायला पाहिजे मिरची. ती अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर आली. मग कोल्हापुरात तांबडा रस्सा कशाचा करायचा, ते तुम्ही सांगा.

मुद्दा जातपातीचा नाही, पंगतीचा आहे. झाडाकडं जेवायला कोण येतं? गुलमोहराखाली कधी एक तास बसून बघा. मग तेवढाच वेळ पिकल्या उंबराखाली बसा. तांबट, बुलबुल, मैना, कोतवाल, नशीब असेल तर हरियाल. रात्री वटवाघळं, खाली पडलेल्या फळांवर मुंग्या आणि फुलपाखरं. उठायला होत नाही. हजारो वर्षं एकत्र राहिल्यामुळं कोणाच्या पानावर कोणाची अळी आणि कोणाच्या फळावर कोणाची चोच हे ठरून गेलंय. नव्या पाहुण्याला ही ओळख व्हायला वेळ लागतो.

आणि सगळेच पाहुणे गुलमोहरासारखे गुमान कोपऱ्यात उभे राहत नाहीत. घाणेरी बघा. कुंपणाला शोभेची म्हणून अमेरिकेतून आणली, ती आज डोंगरच्या डोंगर व्यापून बसली. तिच्याखाली गवत येत नाही, आणि गवत नाही म्हणजे कंदीलपुष्पाला टेकायला काठी नाही. माझं भांडण असलंच तर तिच्याशी आहे.

तुमच्या गल्लीतल्या गुलमोहराशेजारी जागा असेल तर एक ताम्हण लावा. आपलं राज्यफूल आहे. जांभळ्या झालरीचे तुरे त्याच सुमाराला येतात. लाल आणि जांभळं शेजारी-शेजारी. मग सांगा, वाईट दिसतं का ते.

प्रश्न : आमच्या भागातल्या जंगलात नरक्याची झाडं तोडून नेतात, पकडले की पेपरात बातमी येते. हे एवढं बारीक झाड, ना फळ खाता येत, ना लाकूड कामाचं. कॅन्सरचं औषध होतं म्हणतात ते खरं का? बागेत बघायला मिळेल का?
— एक शेतकरी, आजरा

उत्तर : खरं आहे, आणि गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, जन्म तिथलाच. पेशी दुप्पट होताना तिच्या आतल्या धाग्याचे पीळ सोडवावे लागतात. हे द्रव्य नेमकं ते काम अडवतं, आणि कॅन्सरची पेशी सारखी दुप्पट होत असल्यामुळं तिला ते जास्त बाधतं. मूळ द्रव्य फार जहाल होतं, म्हणून त्यात बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं बनली. ती आज दवाखान्यांत वापरली जातात. १९७२ मध्ये भारतातल्या संशोधकांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं. आणि तिथून या बिचाऱ्याच्या मागं कुऱ्हाड लागली.

गंमत बघा. चिनी लोक त्यांच्या झाडाला 'सुखाचं झाड' म्हणतात. आपण आपल्या झाडाला नरक्या म्हणतो, कारण फुलांना घाण वास येतो. मी एकदा फुलोऱ्यात नाक खुपसलंय. नाव ज्यानं ठेवलं त्यानं अतिशयोक्ती केलेली नाही.

तोडणारे खोडाच्या ढलप्या करून पोत्यात भरतात, आणि लोभ जास्त असला तर मूळही उपसतात. खोड तोडलं तरी बुंध्यातून धुमारे फुटतात, पण मूळ गेलं की सगळंच गेलं. जंगलातली रोपं एक-एक पोत्यानं कमी होतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तुम्ही म्हणता तसं हे बारीक झाड, ना फळाचं, ना लाकडाचं. वनखात्याच्या माणसालाही अंधारात ते पोतं जळणाचंच वाटू शकतं.

देशी वनस्पतींच्या बागांत नरक्या बहुतेक ठेवतात, विचारा म्हणजे दाखवतील. पण तुम्हाला कशाला बाग? तुमच्या बांधापलीकडं तो उभा आहे. मुलांना ओळख तेवढी करून द्या. आणि कोणी गोड बोलून 'या पाल्याची झाडं कुठं आहेत, दाखवा की, किलोमागं पैसे देतो' म्हणालं, तर आपल्याला काही ठाऊक नाही. आजऱ्याची माणसं वेड पांघरून पेडगावला जायला कमी नाहीत, ते मला माहीत आहे.

प्रश्न : कुंडीतल्या कडीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी चिकटलं होतं. काडीनं काढायला गेले तर ते हललं! आता हिरव्या जाड अळ्या झाल्यात, निम्मं झाड खाल्लं. हात लावला की डोक्यातून नारिंगी शिंगं काढतात आणि उग्र वास सोडतात. कोणतं औषध मारू?
— एक गृहिणी, साने गुरुजी वसाहत

उत्तर : ताई, थांबा! औषध आणलं असेल तर दुकानदाराला परत द्या.

पत्र इतकं नेमकं लिहिलंत की मला तुमच्या गॅलरीत आल्यासारखं झालं. ही फुलपाखराची अळी. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेते, म्हणजे पक्षी तोंड फिरवतात. मोठी झाली की पानाचा रंग घेते. सोंग उघडं पडलंच तर शेवटचा उपाय म्हणून मानेमागून ते दुबेळक्याचं नारिंगी शिंग काढते. वास तुम्ही घेतलाच आहे. कडीपत्ता, लिंबू, बेल ही सगळी एका कुळातली, आणि या कुळावर वाढणारी आपल्याकडं बरीच मोठी फुलपाखरं आहेत. आपलं राज्यफुलपाखरू नीलवंत त्यांतलंच. काळ्या मखमलीवर निळ्या ठिपक्यांचे पट्टे. राज्याचं म्हणून फुलपाखरू निवडणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, २०१५ साली. तुमच्या कुंडीत नीलवंत आहे असं नाही, बहुधा त्याचे चुलतभाऊ असतील. पण घराणं मोठं आहे.

आठ-दहा दिवसांत अळ्या खाणं थांबवतील आणि काडीला रेशमाचा एक धागा कमरेभोवती बांधून कोश करतील, खांबावर चढलेला वायरमन मागं रेलतो तशा. पावसाळ्यात पुढं दोनेक आठवड्यांत फुलपाखरू. तोवर फोडणीला कडीपत्ता बाजारातून आणा, दहा रुपयांत येतो. झाड पुन्हा फुटतं, ते तुमच्याहून चिवट आहे.

प्रश्न : मी कसबा बावड्यात शिक्षक आहे. सातवीच्या ६० मुलांना ऑगस्टमध्ये देशी वनस्पतींची बाग दाखवायची आहे. शिवाजी विद्यापीठाच्या बागेचं ऐकून आहे. काय तयारी करावी? मोर दिसतील का? गवा?
— एक शिक्षक, कसबा बावडा

उत्तर : सर, महिना अचूक निवडलात. इचलकरंजीकरांना दाखवा हे उत्तर.

विद्यापीठाची बाग ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं 'लीड बोटॅनिकल गार्डन' म्हणून मान्य केलेली. पश्चिम घाटातल्या दुर्मीळ आणि फक्त इथंच उगवणाऱ्या वनस्पती सांभाळणं हे तिचं काम. ती फिरायची बाग नाही, अभ्यासाची आहे. म्हणून आधी वनस्पतिशास्त्र विभागाला शाळेच्या कागदावर पत्र द्या, दिवस आणि वेळ ठरवून घ्या. दाखवायला कोणी जाणकार मिळाला तर अर्धी लढाई जिंकलात.

साठ एकदम नेऊ नका. मी एकदा सत्तर नेलेत. पुढच्या दहांनी झाड बघितलं, बाकीच्यांनी पुढच्यांची दप्तरं. दहा-दहाचे गट करा. आणि मुलांकडून चाळीस झाडांची यादी लिहून घेऊ नका, हात जोडून सांगते. ती यादी मुलं एकमेकांची बघून उतरवतात आणि बसमध्येच विसरतात. प्रत्येकाला एकच झाड द्या. पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसायचं, काढता येईल तसं चित्र काढायचं, आणि त्यावर कोण येतं-जातं ते मोजायचं. मुंगी आली, लिहा. कोळी दिसला, लिहा. पान कोणी कुरतडलंय, कडेनं की मधून? एवढं पुरे. शाळेच्या प्रयोगशाळेतली भिंगं गटाला दोन तरी न्या, ती कपाटात ठेवून कोणाचं भलं झालेलं नाही.

बूट पायात हवेत. चप्पल नको. पावसाळ्यात गवत वाढलेलं असतं, आणि आपल्याकडं गवतात नाग आणि घोणस असणारच. त्यांचंही ते घर आहे. वाट सोडून कोणी आत घुसायचं नाही, हे बसमध्ये बसण्याआधी सांगा, उतरल्यावर कोणी ऐकत नाही. तोडायचं काहीच नाही. गळून पडलेलं पान, बी, शेंग वहीत ठेवायला हरकत नाही, तेही विचारून. कळलावीचं फूल दिसलं तर मुलं हमखास धावतात, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं असतं ते. तिचा कंद जहर आहे, हे तिथंच उभं राहून सांगा. पुस्तकातून सांगितलेलं या वयात लक्षात राहत नाही.

मोर दिसतील, बहुतेक ऐकूही येतील. विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांच्या आसपास आहे आणि मोरांनी तो केव्हाच आपला मानलाय. सकाळी लवकर पोचलात तर रस्त्यावरच भेटतील. ऑगस्टमध्ये पिसारा अजून शाबूत असतो. पावसाळा सरत आला की तो गळतो, आणि मग मोर लंगोटीत सापडल्यासारखा ओशाळून फिरतो. गवा मात्र बागेत नाही. त्याच्यासाठी राधानगरी-दाजीपूर. शाहू महाराजांच्या शिकारीचं जंगल ते, १९५८ साली अभयारण्य झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. ती सहल वेगळी, तिला दिवाळीनंतरचा काळ धरा. दोन्ही एका दिवसात कोंबलं तर मुलांना फक्त बस आठवेल.

अजून एक. मोबाइल न्यायचा तर शिक्षकांनीच. फोटो काढा, पण रानात एखादी दुर्मीळ वनस्पती सापडली तर तिचं ठिकाण फोटोबरोबर जगाला सांगू नका. कंद उकरणारे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर पोचतात.

आणि जमलं तर भुदरगड किंवा शाहूवाडीकडची एखादी आजी सोबत घ्या. कुठल्याही मुलाची चालेल. पाटीवरचं लॅटिन नाव तुम्ही वाचा, खालचं मराठी नाव तिला सांगू दे. बऱ्याच पाट्यांवर ते नसतं.

प्रश्न : बाई, माझी आजी म्हणते उंबराला फूल येतं पण ते मध्यरात्री उमलतं आणि ज्याला दिसेल तो राजा होतो. मी नृसिंहवाडीला दत्ताच्या देवळाजवळच्या उंबराखाली दोन वेळा गेलो पण रात्री थांबू देत नाहीत. फूल खरंच असतं का?
— इयत्ता सहावी, जयसिंगपूर

उत्तर : बाळा, असतं. आणि रात्री थांबायची गरज नाही.

कोणी बऱ्याच दिवसांनी भेटलं की मोठी माणसं म्हणतात ना, 'अरे, उंबराचं फूल झालास की रे!' ते यामुळंच. उंबराचं फूल बाहेर नसतंच. ते उंबरात असतं. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर एक बंद पिशवी, आणि पिशवीच्या आतल्या भिंतीवर शेकड्यांनी बारीक फुलं, खसखशीएवढी, तोंडं आत करून बसलेली.

मग बंद पिशवीत पराग नेतं कोण? उंबराच्या शेंड्याला बघ, एक बारीक भोक दिसेल, खवल्यांनी झाकलेलं. त्यातून एक इवलीशी गांधीलमाशी आत घुसते. मुंगीपेक्षाही लहान. वाट इतकी अरुंद की घुसताना तिचे पंख तुटतात. आत जाऊन ती अंडी घालते, जुन्या उंबरातून आणलेले पराग फुलांना लावते आणि तिथंच मरते. तिची पिल्लं त्या फुलांतच वाढतात. नरांना पंखच नसतात. ते बाहेर जायला भोक पाडून देतात, आणि माद्या अंगावर नवे पराग घेऊन त्या भोकातून उडून जातात, दुसरं उंबर शोधायला. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर या माशीला घर नाही.

आता तू काय कर. झाडाखाली पडलेली तीन उंबरं आण. एक कच्चं हिरवं, एक अर्धवट, एक पिकून लाल झालेलं. आजीला सांगून तिच्याकडून उभी चिरून घे, विळीला स्वतः हात लावू नकोस. पांढऱ्या ताटलीत ठेव. पिकलेल्यातून चिलटासारखं काही उडालं तर घाबरू नको, त्याच त्या. तिन्हींच्या आत काय दिसलं ते चित्र काढून मला पाठव, आणि आजीलाही भिंगातून दाखव. तिनं एवढी वर्षं मध्यरात्रीची वाट बघितली आहे.